पाणथळ्यांची बुद्धी उणे दोन

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघा बरा आहे म्हणतेस, पण अक्षर धापा टाकत लिहिल्यासारखं दिसतंय, म्हणजे तू पुन्हा वरच्या खोलीत चढायला लागलीस. मी काही बोलत नाही.

दादाचा खेळ म्हणजे नेमकं काय आणि त्यात माझं काय काम, असं तू विचारलंस. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपल्या पात्राने काय करायचं ते स्वतः ठरवतात. जमलं की फसलं ते फासे सांगतात. प्रत्येक पात्राला बळ, चपळाई, बुद्धी, वाणी असे गुण असतात, तेही सुरुवातीला फासे टाकूनच मिळतात. शाळेत घालण्याआधी तू आम्हाला घरी शिकवायचीस, तेव्हा शुद्धलेखन संपल्यावर तुझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जे काही बडबडत खेळायचो, त्याचंच हे वाढलेलं रूप. आता मी नोकरी करते ती कंपनी त्याचं पुस्तक काढते आहे. लिहिलं दादाने, नियमांची पडताळणी माझ्याकडे. पहिल्या पानावर दोघांची नावं येणार. माझी सही झाल्याशिवाय पुस्तक छपाईला जात नाही.

आणि ती सही माझ्याच्याने होत नाहीये.

खेळात चार वंश आहेत. दैत्य, बुटके, रुपेरी केसांचे रानातले लोक, आणि पाणथळे, म्हणजे दलदलीवर तरंगती घरं बांधून राहणारे. दादाने आधी नुसती वर्णनं पाठवली होती. त्यावरून आमच्या चित्रकारबाईंनी चित्रं काढली. पाणथळ्यांचं त्यांनी फार मनापासून काढलं. रुंद पंजे, आखूड बोटं. त्यांच्या वडिलांचे हात तसे होते म्हणे. त्यांचे स्वतःचेही तसेच आहेत. मग मागाहून दादाचा गुणांचा तक्ता आला. पाणथळा जन्मला की बळ अधिक दोन, बुद्धी उणे दोन, वाणी उणे दोन. फासे काहीही पडोत.

शुक्रवारी ऑफिसात खेळून पाहिला. चित्रकारबाई हौसेने पाणथळी झाल्या, त्यांना नकाशे काढणारी विदुषी व्हायचं होतं. फासेही छान पडले. तक्त्याने त्यातले दोन गुण कापले आणि नकाशा वाचण्यापुरती बुद्धी जराशीच हुकली. विक्रीवाले साहेब म्हणाले की वंशच तसा, त्याला बाई तरी काय करणार. सगळे हसले. तिथवर मी गप्प होते, खेळच आहे म्हणून. पण सोमवारी तेच साहेब पॅसेजमधून जाता जाता मोठ्याने विचारून गेले की पाणथळीला आज सूचनाफलक वाचता आला का. बाईसुद्धा हसल्या. हसता हसता त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

ते हात खिशात जाताना मी पाहिले आणि किळस आली. हातातला चहा बेसिनमध्ये ओतून टाकला. मी उगाच बाऊ करते आहे का गं? खरं सांग. तू म्हणालीस की करते आहेस, तर मी सही करून मोकळी होईन.

आहे ती माया आटू देऊ नये, ही विनंती.
तुझी,
धाकटी


८ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
आत्याचे अ. उ. आ.

जिना चढले. मांजर वर अडकलं होतं आणि ते उतरवायला ये म्हणून पत्राने कळवत नाही.

लहानपणी उत्तर बरोबर आलं तरी तू ते एकदा खोडायचीस. अजून तीच तऱ्हा. बाऊ करतेस की नाही हे मी सांगायचं, आणि मग सही तू करायचीस? छान.

मला यातलं जे कळलं ते विचारते. दैत्य बुटक्यापेक्षा बळकट असला तर मला काही खटकत नाही. घराएवढा माणूस बादली जास्त उचलेलच. मग तुझं दुखणं नेमकं कुठे आहे? अधिक-उण्यात, बुद्धीत, की त्या विक्रीवाल्यात? तो मेला तक्ता नसता तरी काहीतरी बोलला असता. हे आधी तुझं तुला नीट कळू दे. नुसती किळस आली म्हणून कोणी ऐकत नाही. आणि कळलं की दादाला लिही. तुम्हा भावंडांची मी टपालपेटी नाही.

पोटभर जेवत जा. चहा ओतून टाकू नये.
आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला गेला का? तिला सांग, तिने विणलेला मफलर ऑफिसात सगळ्यांना आवडला, आणि मी तो स्वतः विणला असं एकदाही म्हटलं नाही.

आता कामाचं. हे पत्र मी दोनदा फाडलं, म्हणून जसं सुचेल तसं लिहिते. मला तुझा वंश-गुणांचा तक्ता मान्य नाही. चित्रकारबाईंचं काय झालं ते तुला फोनवर सांगितलंच. तू म्हणालास की हा माणसांचा दोष आहे, खेळाचा नाही. मी त्यावर खूप विचार केला. साहेब कुजकट आहेत हे खरं. पण इतके दिवस त्यांना बाईंबद्दल काही सुचलं नव्हतं. शब्द आपण पुरवला, आणि शेजारी आकडा छापून दिला.

दैत्याच्या बळाबद्दल मी भांडत नाही. तो मोठा आहे, तर तसं लिही ना, की त्याचा हात छपराला पोचतो आणि दारातून जाताना त्याला वाकावं लागतं. पाणथळे पाण्याखाली दम धरतात, तेही लिही. ती शरीरं आहेत, दिसतात. पण पात्राने अजून तोंडही उघडलेलं नाही आणि त्याची बुद्धी कुठल्या घरात जन्मलं त्यावरून कापायची, हे मला वाचवत नाही. पडताळणीसाठी ते पान रोज उघडावं लागतं आणि रोज हात धुवावेसे वाटतात.

शिवाय खेळ म्हणूनही ते पान वाईट आहे. आतापर्यंत जितक्या गटांनी खेळून पाहिलं, त्यातले सगळे दैत्य योद्धे झाले, सगळे रुपेरी जादूगार झाले. का होणार नाहीत? गुण तिथेच जास्त मिळतात. तुला विविधता हवी होती, ही तर भरती झाली.

माझं म्हणणं एवढंच की अधिक गुण द्यायचे तर ते पात्राने आजवर काय केलं त्यावरून दे. नाव वल्हवली, गुरं राखली, शिकवण्या घेतल्या. जन्मावरून नको. रागावू नकोस. रागावलास तर लगेच लिही, मनात ठेवू नकोस.

लोभ कमी झाला नसेल असं धरून चालते.
तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
दादाचे अ. उ. आ.

खोकला गेला, मफलर आता तुझ्याच नावावर. मी रागावलो नाही. हसलो. वहिनीला वाचून दाखवलं, तीही हसली, म्हणजे मी हसल्यावर हसली.

अगं, पाणथळे नाहीत! जगाच्या पाठीवर कुठेही नाहीत! मी ते आंघोळ करताना शोधून काढले. त्यांच्या अपमानाचं दुःख तुला व्हावं इतकं तुझं आयुष्य रिकामं आहे का? सगळ्यांना सारखेच गुण दिले तर वंश म्हणजे नुसत्या टोप्या. एकाने हिरवी घातली, एकाने निळी, आत तोच तो कारकून. दलदलीत पिढ्यानपिढ्या राहिलेला माणूस रानातल्यासारखाच विचार करेल, तर मी चार वंश लिहायला रात्री कशाला जाळल्या?

आणि उणेपणात मजा असते हे तुला कोणी सांगितलंच नाही वाटतं. बुद्धी उणे असताना एखादा पाणथळा विद्वान झाला, तर त्याची गोष्ट केवढी मोठी! रुपेरी विद्वान झाला तर त्यात काय नवल? मी पाणथळ्यांना अडचण दिली म्हणजे एक प्रकारे भेटच दिली. खेळाडूने ती उचलायची.

तुमच्या चित्रकारबाईंना वाईट वाटलं असेल तर माझ्याकडून सॉरी सांग. मला त्यांचे हात ठाऊक होते का? चित्र फक्कड आहे.

तर सही करून टाक. पुस्तक अडकलं तर वितरक हातचा जाईल, आणि तीन वर्षांची माझी मेहनत कपाटात जाईल. माझ्या बहिणीला हात धुवावेसे वाटले म्हणून पुस्तक आलं नाही, हे मी लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? बाकी सगळं ठीक.

लोभ मुबलक आहे, सही तेवढी पाठव.
दादा


२८ फेब्रुवारी

चि. दादास,
आत्याचे अ. उ. आ. (धाकटीलाही हेच पत्र वेगळ्या पाकिटातून.)

दोघांनी आपापली बाजू मला कळवली. मी नको म्हटलं होतं तरी. मला खेळातलं कळत नाही, पण माझ्या टेबलावर एक नियम होता तो आठवतो का बघा. तुम्ही एकमेकांना पेपर काढायचात, तेव्हा ज्याने पेपर काढला त्याने तो आधी स्वतः, दुसऱ्यासमोर बसून सोडवायचा. दादाने एकदा धाकटीला अपूर्णांक घातले होते आणि स्वतःच रडला होता.

तेव्हा राजे, तुम्ही पाणथळे होऊन बसा. विद्वान व्हा, तुम्हाला भेट मिळाली आहे ना? खेळ धाकटी चालवेल, आणि नियम छापायचे आहेत तसेच लावेल. भावासाठी एक गुणही सोडायचा नाही. तुम्हाला मजा आली तर ती मुकाट सही करेल. धाकटे, हे तुला कबूल असेल तरच.

मांजर पुन्हा वर गेलं आहे.
आत्या


१४ मार्च

धाकटे,

मायना लिहायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझ्या ऑफिसात मी इतक्या लांबून, रजा टाकून आलो. पाणथळा झालो. पहिला तासभर मी किती छान खेळलो ते सगळ्यांनी पाहिलं. बोबडं बोललो, दोरीला साप म्हणालो, विक्रीवाल्या साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तू एकटी तोंड वाकडं करून बसली होतीस. तुमच्या चित्रकारबाई कोपऱ्यात ब्रश धूत होत्या, त्यांनी तर मान वर केली नाही.

मग तो पुराचा प्रसंग. नदी फुगलेली, पुलाचे दोन खांब खचलेले, सगळ्यांना पलीकडे न्यायचं, कसं न्यायचं ते शोधा. धाकटे, मी पुलांच्या ऑफिसात नकाशे काढतो. तू वाक्य पुरं करायच्या आत मला उत्तर कळलं होतं. मी सांगितलं, अगदी नीट सांगितलं. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस की हे दादाला कळलं, त्याच्या पाणथळ्याला कळू शकत नाही, बुद्धी पुरत नाही. फासे टाकायला लावलेस, दोन गुण कापलेस, आणि उत्तर बाद केलंस. मी पुन्हा सांगायला गेलो तर साहेबांनी मला ओंडका उचलून गप्प उभं राहायला सांगितलं, कारण माझ्या वंशाचं काम ते. आणि कोणीही, एकानेही, माझ्याकडे वळून बघितलं नाही. ते आपसात चर्चा करत राहिले. साफ चुकीची चर्चा! मी टेबलावर होतो आणि नव्हतो. शेवटी सगळे बुडाले, आणि साहेब म्हणाले की पाणथळ्याने ओंडका नीट धरला नाही.

तू माझी शोभा केलीस. मला तुझी किळस आली, हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण आली. नियम असला म्हणून कोणी भावाला असं वागवत नाही.

तरीही मी मोठा आहे, म्हणून परतीच्या प्रवासात मार्ग काढला. तक्त्याखाली एक सवलत टाकू. पाणथळं मूल लहानपणापासून रुपेरी घरात वाढलं असेल, तर त्याला बुद्धीतला एक गुण परत मिळेल. आता तुझी तक्रार राहू नये.

दादा


१७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादाची सवलत सोबत उतरवून पाठवते आहे. मी जेवताना पत्र उघडलं आणि ताटावरून उठले. मूल चांगल्या घरी वाढलं तर एक गुण परत. दोन नाही हं, एक. उरलेला एक रक्तातच कमी, तो कोणाच्या घरी राहून जाणार नाही. ते त्याने औदार्य म्हणून लिहिलं आहे, आत्या. त्याला तक्ता वाईट वाटला नाही, त्यात आपण सापडलो ते वाईट वाटलं.

आणि मला स्वतःचीही शिसारी येते आहे. त्याचं उत्तर बाद करताना माझा आवाज अगदी शांत होता. नियम हातात असला की किती सोपं जातं. त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला क्षणभर बरंच वाटलं. दुसऱ्या क्षणी वाटलं, हेच तर ते साहेबांचं हसू, फक्त माझ्या तोंडावर.

तू काही लिहू नकोस, मीच ठरवते. फक्त वाचून ठेव.

धाकटी


२० मार्च

चि. दोघांस,
अ. उ. आ.

धाकटी लिहू नकोस म्हणाली, म्हणून थोडंच लिहिते. सवलत वाचली. राजे, तुमच्या आईवडिलांच्या बदल्या चालू होत्या म्हणून तुम्ही दोघं माझ्या घरी वाढलात. तुमच्या हुशारीतले किती गुण तुमचे आणि किती माझ्या घराने परत केलेले, ते कळवा. मी वाट बघते.

आत्या


२६ मार्च

चि. धाकटीस,
दादाचे अ. उ. आ.

बरं बाई. आत्याने माझा कान धरला, वहिनी दोन दिवस बोलली नाही, म्हणजे नीट बोलली नाही. सवलत काढून टाकली, ती मूर्खपणाची होती. मागचं पत्र रागात लिहिलं होतं, ते विसर.

त्याहून पुढे जाऊन सांगतो. पाणथळ्यांचे बुद्धीचे आणि वाणीचे उणे दोन मी खोडले. शून्य केलं. त्यांना त्यांची बुद्धी परत दिली! सगळ्यांचे उणे खोडले, कोणालाच काही कमी नाही. फक्त अधिक राहू दिले. दैत्यांचं बळ अधिक दोन, रुपेरींची बुद्धी अधिक दोन, कारण रुपेरी लोकांना फार आवडतात आणि मलाही. तेवढं सोडवत नाही. आता तरी हस आणि सही कर. छपाईची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

लोभ पूर्वीइतकाच, बहुतेक.
दादा


३१ मार्च

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र रविवारभर टेबलावर होतं. मी चार वेळा सही करायला बसले. तू पुष्कळ सोडलंस हे मला दिसतं, आणि तुझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल तेही.

पण दादा, इतरांचे अधिक ठेवून पाणथळ्यांचं उणं शून्य केलं, तरी दोनांचं अंतर उरलंच. बेरीज-वजाबाकी मलाही आत्यानेच शिकवली आहे. आणि तू लिहितोस की पाणथळ्यांना बुद्धी परत दिली. ती तुझ्याकडे ठेवायला कोणी दिली होती? सगळ्या पत्रव्यवहारात मला सर्वांत घाण वाटलं ते हे एक वाक्य. तुझी शिवीगाळ मी सहज गिळली असती, ही मेहेरबानी गळ्याखाली उतरत नाही.

म्हणून मी काल व्यवस्थापकांना सांगितलं की मी सही करणार नाही आणि पुस्तकावर माझं नाव नको. मला वाटलं होतं ते चिडतील, कारण विचारतील. मी उत्तरं पाठ करून गेले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. पडताळणीचा कागद उचलून त्यांनी शेजारच्या टेबलावर विक्रीवाल्या साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी पुस्तक उघडलं नाही, फोनवर बोलता बोलताच सही केली आणि माझ्याकडे बघून विचारलं की एवढंच ना. एवढंच होतं. तुझं पुस्तक छपाईला गेलं, वेळेत. तू वितरकाची काळजी करू नकोस.

चित्रकारबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की नाव काढायचं असतं हे त्यांना सुचलंच नव्हतं. मग त्यांनीही व्यवस्थापकांकडे जाऊन चित्रांखालचं स्वतःचं नाव काढायला सांगितलं. चित्र मात्र कंपनीचं आहे, ते तसंच छापलं जाईल.

शनिवारी संध्याकाळी बाई आणि मी माझ्या खोलीवर खेळणार आहोत, बांधणी विभागातल्या दोघी येतो म्हणाल्या आहेत. तुझाच खेळ. तुझी नदी, तुझे खांब, तुझी तरंगती घरं. ते मला आजही आवडतं, त्याचा राग राग करायला जमत नाही. फक्त ते पान वापरणार नाही. पात्राने आजवर काय केलं ते ज्याचं त्याने सांगायचं, त्यावरून गुण. तू ये. पाणथळा हो, दैत्य हो, काहीही हो. पुलाचं उत्तर आलं तर या वेळी मी ऐकून घेईन, पण तुझ्या पात्राला ते कुठे शिकायला मिळालं हे आधी तुला सांगावं लागेल. बोबडं बोललास तर मात्र मी उठवीन. येणार नसलास तर कळव, खुर्ची मागून आणावी लागते.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही. तो असताना इतकी किळस येते, याचंच मला फार वाईट वाटतं.

तुझी,
धाकटी